उंबऱ्याबाहेरचा घास

नवाखाईच्या दिवशी सालेकशातल्या उईक्यांच्या घरातून एक घास उंबऱ्याबाहेर जायचा. हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचा नवा तांदूळ शिजला की घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची, प्रत्येकाच्या नावानं पळसाच्या पानावर चिमूटभर भात ठेवायचा, आणि मग जित्यांनी जेवायचं, अशी रीत. सगळी नावं संपली की सुशिलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठायची, एक पान वेगळं उचलायची आणि मागच्या दारानं जाऊन आवळीच्या झाडाखाली ठेवून यायची. त्या घासावर ती कोणाचं नाव घेत नसे. परत आली की मुकाट्यानं जेवायला बसायची.

शामकला या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, तो घास कोणाचा म्हणून. सुशिलाबाई म्हणाली होती, "माझ्या बापाचा. तो मेला का जिता हाये, ठावं नाई. जित्याले पितरांत बसवता येत नाई, आन् मेल्याले उपाशी ठेवता येत नाई."

सुशिलाबाईचा बाप उदाराम मरसकोल्हे, कोसमटोल्याचा. मोठी लढाई चालू होती तेव्हा तो विमानदलाच्या कामावर गेला आणि पुन्हा आलाच नाही. तेव्हा सुशिलाबाई आईच्या पोटात होती. आमगावकडचा एक माणूस सुटीवर आला होता, त्यानं बाजारात एवढंच सांगितलं होतं, की उदाराम तिकडं आसामच्या डोंगरात पडलेल्या विमानांतली माणसं जंगलातून उचलून आणतो. त्यानंतर बातमी नाही. आई बिरजा हिनं रीतीप्रमाणे धाकट्या दिराचं घर धरलं आणि सुशिला काकाच्या अंगणात वाढली. पण लग्नाकार्यात, जत्रेत, विहिरीवर कोणी ना कोणी बोलून जायचंच, की हिचा बाप पळाला. लढाई सोडून पळाला आणि कुठंतरी दुसरी बायको करून राहिला.

पळालेल्या माणसाला कोसमटोल्याचे देव घेत नव्हते. मरण कळल्याशिवाय पितरांत मिळवता येत नव्हतं. आणि लेक पडली परक्या घरची, तिला बापाला उईक्यांच्या देवांत बसवता येत नव्हतं. म्हणून तो घास आवळीखाली.

शामकला अंगणवाडीत सेविका. लग्न झालं तेव्हा तिची नववी झाली होती. दहावीला बसायचं म्हणाली तर नवरा इंद्रकुमार हसला होता, की लेकराला दूध पाजता पाजता भूमिती करशील काय. सुशिलाबाईनं लेकरू उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि सुनेला म्हणाली, जा, शाळा मराठीच हाये, इंग्रजांची नाई. परीक्षेच्या दिवसांत ही सासू केंद्राबाहेर झाडाखाली लेकराला घेऊन बसलेली असायची. त्या दहावीवर शामकलाला नोकरी लागली. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. पण घरात सासूचा शब्द पडला आणि सुनेनं तो उचलला नाही, असं झालं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात सुशिलाबाईला न्युमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आली ती निम्मी होऊन. खाटेवर पडल्या पडल्या एका सकाळी म्हणाली, "माझ्यामागं त्याचा घास कोन ठेवल?"

शामकला म्हणाली, "मी ठेवतो ना, आत्या."

"तू ठेवू नोको. घास ठेवून ठेवून मी थकलो. तू त्याचं ठिकान पाय."

शामकलानं देवापुढं दिवा लावला आणि एकदाच मागितलं. देवाकडं पुन्हा पुन्हा मागू नये, एकदा सांगून आपण आपले हातपाय हलवावेत, असं तिचं म्हणणं.

आधी ती कोसमटोल्याला गेली. काकाचा नातू चंद्रकुमार आता त्या घरचा कर्ता होता. माणूस वाईट नव्हता, पण घरच्या नावाला जपणारा. त्यानं चहा दिला आणि सांगितलं, की मोठ्या आज्याच्या मरणाचा कागद आणा, आम्ही गावाला बोलावून त्याला देवांत मिळवतो. कागदाशिवाय भूमका हात लावणार नाही. भूमका म्हणजे गावाच्या देवांचा पुजारी. त्याचंही म्हणणं तेच पडलं.

मग शामकलानं अर्ज लिहिले. शाळेत शिकवलेल्या नमुन्याप्रमाणे, डावीकडं समास सोडून, 'महोदय' लिहून. नाव उदाराम, बापाचं नाव मंगरू, गाव कोसमटोला. उत्तरं सभ्यपणे यायची: या नावाचा, या बापाचा, या गावचा माणूस नोंदींत सापडत नाही, सेवा क्रमांक असेल तर कळवावा. क्रमांक कुठून आणायचा? ती पुन्हा लिहायची. इंद्रकुमार म्हणायचा, "सरकारले तू अंगणवाडीतलं लेकरू समजून राहिली काय? रोज रोज विचारलं म्हणजे बोलल?" ती म्हणायची, लेकरूही असंच बोलतं.

तिच्या पर्यवेक्षिकेनं एकदा शालीकराम बिसेन यांचं नाव सांगितलं. हे विमानदलातून निवृत्त झालेले गृहस्थ गोंदियात रेल्वेलाइनच्या पलीकडं राहत. लढाईच्या काळातली बिरसीची धावपट्टी लहानपणापासून पाहिलेली, त्यातून त्यांना नाद लागला होता. त्या काळी आसाम आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांत विमानं पडत, आणि आतली माणसं काढून आणायला सुटका पथकं पायी जात. पथकाचा साहेब आणि डॉक्टर यांची नावं पुस्तकांत आली. ओझी वाहणारे, रान कापणारे, जखमींना खांद्यावर आणणारे नुसत्या नोंदींत राहिले. बिसेन एकेका पथकाची सेवापत्रकं मिळवत आणि माणसांचं गाव, घर शोधत. भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत कितीतरी घरांत त्यांनी बातमी पोचवली होती.

शामकला सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेली. बिसेनांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून एक फाइल काढली, पानं उलटली आणि मान हलवली.

"देखो ताई, एक उदाराम आहे माझ्याकडं. सहा जणांचं पथक होतं. पाचांची घरं मिळाली, हा सहावा राहिला. पण याचा बाप दुसरा, गाव पण दुसरं. त्या गावात मी खुद जाऊन आलो, कोणी ओळखत नाही याला. तुमचा हा नाही."

शामकलानं विचारलं, की नाव तर तेच आहे ना.

"नाव तर शंभर जणांचं राहते. बाप आणि गाव दोन्ही जुळलं तरच माणूस आपला. दुसऱ्याचा मेलेला आपल्या घरात नेऊ नये, ताई. पाप लागते."

तिला ते पटलं. पापाचं तर फारच पटलं. परत येताना गाडीत तिला रडू आलं, पण समोर आमगावच्या बाया बसल्या होत्या, म्हणून तिनं पदरानं नाक पुसलं आणि खिडकीकडं तोंड केलं. आता कुठं लिहायचं याचा विचार ती सालेकसा येईपर्यंत करत राहिली.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत लेकरांची वजनं घेण्याचा दिवस होता. टोल्यावरचा एक नवा तरुण लेकीला घेऊन आला, मागं त्याची बायको. शामकलानं लेकीला काट्यावर ठेवलं आणि खाली मान घालूनच विचारलं, कोणाच्या घरचा रे तू?

"लखनच्या," तो म्हणाला.

तिनं लिहिलं. लिहिता लिहिता ती म्हणाली, म्हणजे लखन तुझा बाप. तशी त्याची बायको तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "लखन माझा बाप होय जी, बाई. याचा नाही."

तरुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "मंग काय सांगू? राहतो त्याच्या घरी, नांगर त्याचा धरतो. तीन वर्स पुरी होवत वरी त्याचाच पोरगा मी. तशीच रीत हाये."

तो लमसेना होता. ज्या घराला मुलीकडच्यांचं देणंघेणं झेपत नाही, त्या घरचा मुलगा मुलीच्या घरी जाऊन ठरलेली वर्षं कष्ट करतो. तेवढे दिवस तो त्याच घरचा मुलगा, आणि कोणी विचारलं तर तेच घर सांगतो. शामकलाला हे लहानपणापासून माहीत होतं. माहीत असलेलंच कधी नवं होऊन समोर येतं. काट्यावरची लेक रडायला लागली तरी तिचा हात पेनावर तसाच राहिला.

संध्याकाळी सुशिलाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. शामकला तिच्यापुढं बसली.

"आत्या, तुमच्या मायचं माहेर कोनतं?"

"पिपरटोला."

"आन् तुमचा बाप कामावर गेला तवा कोनाच्या घरी राहत होता?"

सुशिलाबाईचे हात थांबले. सूप तिनं बाजूला ठेवलं. "कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई सांगतलं. मी विचारून राहिलो."

म्हातारी उठून आत गेली. त्यानंतर ती सुनेशी बोलली नाही. शेळीशी बोलायची, शेजारणीशी बोलायची, भिंतीवरच्या पालीलाही हाकलताना दोन शब्द बोलायची; सुनेनं ताट ठेवलं की मुकाट्यानं जेवायची. इंद्रकुमार म्हणाला, "आमच्या बाबाले जलमभर जे जमलं नाही ते तू केलं. मायचं तोंड बंद केलं." शामकला हसली नाही आणि मागंही हटली नाही. रोज सकाळी ती सासूच्या पायाला तेल लावायची आणि एकच वाक्य बोलायची: आत्या, तुम्ही सांगाल तवाच मी पुढं जाईन, पण जाईन.

एक दिवस पायाला तेल लावून होण्याआधीच म्हातारी बोलली. उदाराम पिपरटोल्याच्या सोमारूकडं लमसेना होता. वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता, तेवढ्यात भरतीवाले आले आणि तो गेला. का गेला ते कोणाला ठाऊक नाही. सोमारू चिडला. माझं काम अर्धं टाकून पळाला, असं त्यानं गावभर सांगितलं, आणि पोटुशी बिरजाला कोसमटोल्याला धाडून दिलं, की ज्यानं शब्द मोडला त्याच्याच घरी राहा. पळाला हा शब्द तिथून निघाला. पुढं लोक विसरले की तो कशातून पळाला, आणि शब्द लढाईला चिकटला. कोसमटोल्यात तोवर जमीन झाली होती, नाव झालं होतं. आपल्या घरचा थोरला मुलगा दुसऱ्याच्या दारी राबला, हे त्यांनी बोलायचंच बंद केलं. बिरजानं लेकीला तिच्या लग्नाच्या वेळी सांगितलं आणि वरून बजावलं, की सासरी हे काढू नको, लमसेन्याची पोरगी म्हणून हिणवतील.

"म्हनून नाई सांगतलं," सुशिलाबाई म्हणाली. "त्याले पळपुट्या म्हनत, ते मी आयकून घेतलं. पन हे नाई सांगतलं." आणि थोड्या वेळानं, "पाय सोड आता. गाडी कवा हाये गोंदियाची?"

ऐंशी उलटलेली म्हातारी गाडीत खिडकीशी बसली, पिशवीत कोंड्याच्या भाकरी घेऊन. बिसेनांच्या घरी तिनं खुर्ची नाकारली आणि खालीच बसली. मग बिसेनही खाली बसले. शामकलानं लमसेन्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी उठून कपाटातली तीच फाइल आणली. जातीनं पवार, गोंड नव्हेत, तरी जिल्ह्यातलेच माणूस. त्यांनाही ही रीत माहीत होती, आणि त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. पण त्यांनी फाइल उघडली तरी दाखवली नाही. पानावर हात ठेवला.

"काकी, मी वाचणार नाही. तुम्ही सांगा. बायकोचं नाव काय होतं?"

"बिरजा."

"अंगावर काही खूण?"

"डाव्या खांद्यावर अस्वलाचा पंजा. माय सांगे, हात लावला तं चार नाल्या लागत."

बिसेनांनी पानावरचा हात काढला. त्यांचा चष्मा ओला झाला होता, तो त्यांनी सदऱ्यानं पुसला. मग वाचलं. उदाराम, बाप सोमारू, गाव पिपरटोला, बायको बिरजा, डाव्या खांद्यावर जनावराच्या नखांचे चार जुने वण. सोबत पथकाच्या साहेबानं लिहिलेला अर्ध्या पानाचा अहवाल होता. पावसाळ्यात एक विमान डोंगरात पडलं. पथक पोचलं तेव्हा आत एकच माणूस जिवंत होता, त्याचे पाय मोडलेले. उदारामनं बांबू तोडून डोली बांधली. परतीच्या वाटेवर त्याला ताप भरला. साहेबानं दोनदा त्याला डोली सोडायला सांगितलं. त्यानं दांडा सोडला नाही. छावणी आली, जखमी माणूस डॉक्टरच्या हाती दिला, आणि दोन दिवसांनी उदाराम तिथंच वारला. त्याला डोंगराच्या पायथ्याशी पुरलं. मरणाची तार पिपरटोल्याला, सोमारूच्या नावे गेली होती. तोवर सोमारू मरून गेला होता आणि त्याच्या घरात कोणी उरलं नव्हतं. तार कोणी घेतली नाही.

सुशिलाबाईनं एकच विचारलं. "तो मानूस वाचला का?"

"वाचला, काकी."

"मंग झालं." ती भिंतीला टेकली. नंतर म्हणाली, "आन् बाप सोमारू लिवला?"

"सोमारूच लिहिला आहे."

"बुढा मरेपर्यंत म्हने, माझ्या घरातून पळाला. आन् यानं तिकडं जाऊनसन्या त्यालेच बाप सांगतला." तिनं भाकरीची पिशवी उघडली, एक भाकर बिसेनांच्या हातात ठेवली आणि खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

आता कोसमटोला उरला होता. बिसेनांनी कागदाच्या नकला करून दिल्या. चंद्रकुमारनं त्या वाचल्या आणि शामकलाला गोठ्याकडं नेऊन हळू आवाजात सांगितलं, की मेल्याचं कळलं, फार चांगलं झालं, गावाला बोलावू, आज्याला देवांत घेऊ. फक्त बापाचं आणि गावाचं तेवढं वाचायचं नाही. आमच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. आमच्या घरचा माणूस लमसेना होता, हे चार लोकांत कशाला? आणि वाचलंच, तर लोक म्हणतील, हा सोमारूचा मुलगा, आमचा कसा? मग मी काही करू शकणार नाही.

शामकला घरी आली आणि तिनं सासूला जसंच्या तसं सांगितलं. आपलं मत सांगितलं नाही. सासूला पितरांत बाप हवा होता. तो मिळत होता. एवढंसं झाकलं की झालं. म्हातारीनं ऐकलं आणि म्हणाली, नवाखाईच्या आदल्या दिवशी बोलव म्हणावं गावाले.

त्या दिवशी कोसमटोल्यात मांडवाखाली पन्नासेक माणसं बसली होती. भूमका देवांसमोर, चंद्रकुमार त्याच्या शेजारी. शामकला कागद घेऊन उभी राहिली. लेकरांना गाणी शिकवून तिचा आवाज तयार झाला होता. तिनं नाव वाचलं, आणि चंद्रकुमारकडं न पाहता ती सासूकडं पाहत थांबली.

सुशिलाबाई काठी टेकून उठली.

"ते मी सांगतो," ती म्हणाली. "माझा बाप लमसेना होता. पिपरटोल्याच्या सोमारूच्या घरी. त्याचं काम अर्धं राहिलं, म्हनून सोमारू म्हने पळाला. तो पळाला नाई. जिथं गेला तिथं सोमारूचंच नाव बाप म्हनून सांगतलं, आन् मेला तवा हातातला दांडा पोचवून मेला. मी लगनापासून हे झाकलं. मले लाज वाटे. आता तुमाले लाज वाटत असल तं त्याले घेऊ नोका. पन अर्धा मानूस मी देवापुढं आननार नाई."

चंद्रकुमार खाली पाहत होता. शेवटी भूमक्यानं घसा साफ केला. तो सुशिलाबाईच्याच वयाचा, दात पडलेला माणूस.

"चंद्रकुमार, तुह्या आज्याची गोष्ट होय म्हनून चूप बसलो होतो," तो म्हणाला. "माझा बापबी लमसेनाच होता. या मांडवात बसलेल्या अर्ध्यांचे आजे होते. लमसेना गेला म्हनून मानसाचे देव बदलत नाईत. कुऱ्हाड उसनी दिली तं दांडा काय त्याचा होते?"

मागून एक म्हातारी म्हणाली, की आमच्या घरचा तर सात वर्षं राबला, सासरा सोडेचना. हशा पिकला. चंद्रकुमारही हसला, जरा उशिरा, आणि उठून त्यानं देवांसमोरची जागा आपल्या हातानं सारवली. शामकलानं मग उरलेला कागद वाचला, बापाच्या नावासकट, गावासकट, अस्वलाच्या वणासकट.

भूमक्यानं उदारामला त्याच्या आईबापाशेजारी बसवलं. सोमारूचं नाव मात्र कोणी न सांगता चंद्रकुमारनंच घेतलं. तो म्हणाला, सोमारूसाठी आमच्या देवांत जागा नाही, पण नाव तर घेता येते.

दुसऱ्या दिवशी नवाखाई तिथंच झाली. नवा भात शिजला, पळसाची पानं मांडली, नावं सुरू झाली. मंगरू झाला, त्याची बायको झाली, मग चंद्रकुमारनं मोठ्यानं म्हटलं, उदाराम. पानावर भात पडला. पुढची नावं झाली आणि सगळी संपली.

सुशिलाबाईनं गुडघ्यावर हात दिला आणि सवयीनं ती उठली. एक पान उचललं. दाराकडं दोन पावलं गेली आणि थांबली. सगळे पाहत होते. शामकलानं बसल्या जागी थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली.

म्हातारी परत आली, बसली, आणि हातातल्या पानावरचा भात स्वतः खाऊ लागली.